रेन्वारच्या हातातला कुंचला

पहिल्या महायुद्धाचे दिवस होते. जर्मनीतील ९३ विद्वान आणि कलावंतांनी १९१४ मध्ये आपल्या देशाची बाजू मांडणारा जाहीरनामा काढला होता. त्याला फ्रान्सच्या वतीने उत्तर द्यावे, या विचाराने साशा गित्री या तरुण नाटककाराने कॅमेरा हाती घेतला आणि आपल्या देशातील थोर कलावंत कामात असताना टिपायचे ठरविले. शिल्पकार रोदँ, चित्रकार मोने, रस्त्याने चालत जाणारा देगा अशी मंडळी त्या मूकपटात दिसतात. त्यांच्यात ७४ वर्षांचा एक अतिशय कृश वृद्धही आहे. तो खुर्चीतून उठू शकत नाही. हाताची बोटे तळव्याकडे वळून आखडली आहेत. किशोरवयीन मुलगा शेजारी उभा राहून त्याला मदत करतो आहे. मात्र एकदा कुंचला हातात आला की वृद्धाचा तो हात ज्या वेगाने कॅनव्हासवर फिरू लागतो, तो पाहून आजही आश्चर्य वाटते.

हा वृद्ध म्हणजे पिएर-ओग्युस्त रेन्वार. त्याच्याविषयी जगभर एक गोष्ट सांगितली जाते. संधिवाताने त्याचे हात इतके निकामी झाले होते, की अखेरच्या वर्षांत तो कुंचला हाताला बांधून चित्रे काढीत असे. शाळेच्या पुस्तकांपासून प्रेरणादायी भाषणांपर्यंत ही गोष्ट पोहोचली आहे. ती खरी नाही. रेन्वारच्या हातांवर कापडाच्या पट्ट्या असत, हे खरे. छायाचित्रांतही त्या दिसतात. पण त्या कुंचला बांधण्यासाठी नव्हत्या. बोटे आत वळल्यामुळे तळव्याची त्वचा सतत दबली जाई, कुंचल्याच्या लाकडी दांडीने ती सोलवटण्याचीही भीती असे. म्हणून हाताच्या पोकळीत मऊ कापड ठेवले जाई आणि त्यावर पट्टी गुंडाळली जाई. कुंचला रेन्वार स्वतः धरीत असे. तो त्याला उचलता येत नसे. कोणीतरी बोटांच्या बेचक्यात ठेवावा लागे. पण ठेवल्यावर पकड त्याची असे.

हा फरक वरवर किरकोळ वाटतो. बांधलेला कुंचला आणि धरलेला कुंचला यांत मात्र फार अंतर आहे. बांधलेल्या कुंचल्याने रंग फासता येईल, पण त्याचा दाब कमी-जास्त करता येणार नाही, टोक किंचित फिरवता येणार नाही, फटकारा अर्ध्यावर हलका करता येणार नाही. रेन्वारच्या शेवटच्या चित्रांत हे सारे आहे. ती चित्रे चांगली की वाईट, हा वाद वेगळा. ती हाताने काढलेली आहेत, एवढे निश्चित. आणि हा हात कुंचल्याशी ६० वर्षांहून अधिक काळ जोडलेला होता.

रेन्वारचा जन्म २५ फेब्रुवारी १८४१ रोजी फ्रान्समधील लिमोज या गावी झाला. वडील शिंपी, आई शिवणकाम करणारी. लिमोज हे चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध होते. कुटुंब लवकरच पॅरिसला आले आणि लूव्रच्या परिसरात राहू लागले. त्या काळी अशा मोक्याच्या जागीही गरीब माणसांची वस्ती होती. मुलगा चित्रे काढी आणि गातही चांगला असे. चर्चच्या वृंदगायनात त्याला शिकविणारे शार्ल गुनो पुढे मोठे संगीतकार म्हणून नावाजले. मुलाने गायनाकडे वळावे, असे त्यांना वाटत होते. परंतु घरच्या परिस्थितीत लवकर मिळकत होणे गरजेचे होते. म्हणून वयाच्या तेराव्या वर्षी, १८५४ मध्ये, त्याला चिनी मातीची भांडी रंगविणाऱ्या एका कारखान्यात उमेदवार म्हणून ठेवण्यात आले.

तिथे त्याच्या हातात पहिला खरा कुंचला आला. आधी साध्या फुलांच्या नक्ष्या, मग हात बसल्यावर ताटल्यांवर राणी मारी आंत्वानेतचा चेहरा. या कामाची शिस्त कडक असते. चकचकीत पांढऱ्या पृष्ठभागावर रंग पातळ लावावा लागतो, कारण खालच्या पांढऱ्यातूनच त्याला तेज येते. हात थरथरला तर ते लगेच दिसते. नरम केसांचा, टोकदार कुंचला हलक्या हाताने, न थांबता ओढावा लागतो. रेन्वारच्या पुढच्या चित्रांत दिसणारी ती पिसासारखी हलकी, पारदर्शक रंगलेपनाची पद्धत कोठून आली, याचे उत्तर कलासमीक्षक पुष्कळदा या कारखान्यात शोधतात आणि ते योग्यच आहे. पांढऱ्या रंगाचे अस्तर दिलेल्या कॅनव्हासवर पातळ रंगांचे थर चढविण्याची त्याची सवय शेवटपर्यंत टिकली.

चार वर्षांत ही नोकरी गेली. भांड्यांवर यंत्राने चित्रे छापण्याचे तंत्र आले आणि हाताने रंगविणाऱ्यांची गरज उरली नाही. सतराव्या वर्षी यंत्राने घेतलेला तो घास रेन्वार कधी विसरला नाही. हाताने केलेल्या वस्तूत माणूस असतो आणि यंत्राच्या वस्तूत तो नसतो, हे मत त्याने आयुष्यभर हट्टाने धरून ठेवले. त्यानंतर त्याने हातपंख्यांवर जुन्या फ्रेंच चित्रांच्या नकला काढल्या, खिडक्यांचे पडदे रंगविले आणि मिळालेले पैसे साठवून चित्रकलेच्या रीतसर शिक्षणाची वाट धरली.

१८६० मध्ये त्याला लूव्रमध्ये बसून जुन्या चित्रांच्या प्रतिकृती करण्याची परवानगी मिळाली. त्यानंतर शार्ल ग्लेर या चित्रकाराच्या कार्यशाळेत तो दाखल झाला. तिथे त्याला तीन मित्र भेटले : क्लोद मोने, आल्फ्रेड सिसली आणि फ्रेदेरिक बाझील. युरोपच्या चित्रकलेची दिशा बदलणारी ही चौकडी काही वर्षांतच पॅरिसजवळच्या फाँतेनब्लोच्या अरण्यात इझल लावून बसू लागली.

उघड्यावर बसून चित्र काढणे आज स्वाभाविक वाटते. तेव्हा ते तसे नव्हते. बाहेर जाऊन रेखाटने करावीत, रंगांच्या टिपणी घ्याव्यात आणि खरे चित्र कार्यशाळेत बसून पुरे करावे, असा रिवाज होता. त्याचे एक कारण साधे होते. तैलरंग न्यायचे कशात? पूर्वी रंग डुकराच्या मूत्राशयाच्या छोट्या पिशव्यांत भरून ठेवीत. टाचणीने भोक पाडून रंग काढायचा आणि भोक बुजवायचे. पिशवी फुटली की रंग वाया जाई, उघडी राहिली की सुकून जाई. लंडनमध्ये राहणाऱ्या जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने दाबता येण्याजोग्या कथिलाच्या नळीचे पेटंट घेतले आणि ही अडचण दूर झाली. ते वर्ष होते १८४१, म्हणजे रेन्वारच्या जन्माचेच. कुंचल्यांतही याच शतकात बदल झाला. पत्र्याच्या चपट्या टोपीत केस बसविलेले चपटे कुंचले मिळू लागले आणि त्यांनी रंगाचे आखूड, रुंद तुकडे झटपट मांडता येऊ लागले. रंगांची पेटी पाठीला, घडीचे इझल खांद्याला आणि मूठभर कुंचले एवढ्या सामानावर चित्रकार घराबाहेर पडू शकला.

अरण्यातील दिवसांची एक आठवण सांगतात. तिथे काही टवाळखोरांनी रेन्वारला गाठून त्रास देण्यास सुरुवात केली, तेव्हा लाकडी पायाचा एक माणूस काठी उगारीत धावून आला. हा नार्सिस दियाझ, त्या काळचा नावाजलेला निसर्गचित्रकार. त्याने तरुणाचे चित्र पाहिले, काम पसंत केले, पण एवढा काळा रंग कशाला, असे विचारले. पुढे आपल्या रंगविक्रेत्याकडे त्याने रेन्वारच्या नावे उधारीचे खातेही उघडून दिले. उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. उपदेशाबरोबर रंगांची सोय करणारा क्वचित.

या उधारीची गरज खरीच होती. १८६९ च्या उन्हाळ्यात रेन्वार आणि मोने सेन नदीकाठच्या ‘ला ग्रेनुयेर’ नावाच्या जलविहारस्थळी शेजारी-शेजारी इझल मांडून बसत. मोनेच्या घरी खायला नसे आणि रेन्वार आईवडिलांच्या घरून पाव घेऊन त्याच्याकडे जाई. रंगही पुरत नसत. अशा स्थितीत दोघांनी हलत्या पाण्याकडे पाहत जे काढले, ते अभूतपूर्व होते. पाणी म्हणजे एक निळा पृष्ठभाग नव्हे, तर प्रकाशाच्या असंख्य तुकड्यांची हालचाल. ती पकडायची तर प्रत्येक तुकडा रंगाच्या एका स्वतंत्र फटकाऱ्याने मांडावा लागतो. रेन्वारचे चित्र आज स्टॉकहोमला आहे, मोनेचे न्यूयॉर्कला. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहिली, तर विषय एक, जागा एक, पण हात वेगळे, हे चटकन लक्षात येते. मोनेचे फटकारे रुंद आणि ठाम. रेन्वारचे मऊ, एकमेकांत मिसळणारे, झाडांच्या पानांवर आणि माणसांच्या कपड्यांवर रेंगाळणारे. चिनी मातीची भांडी रंगविणारा मुलगा त्यात ओळखू येतो.

पुढच्याच वर्षी फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले. रेन्वार घोडदळात भरती झाला आणि लढाई पाहण्याआधीच आजारी पडला. बाझील मात्र नोव्हेंबर १८७० मध्ये रणांगणावर मारला गेला. १८७१ मध्ये पॅरिसमध्ये कम्यूनची राजवट असताना सेनकाठी चित्र काढीत बसलेल्या रेन्वारला हेर समजून पकडण्यात आले. माणूस नदीचे चित्र काढतो म्हणजे नकाशा काढतो, असा सैनिकांचा समज झाला. प्रकरण गोळ्या घालण्यापर्यंत गेले होते, असे सांगितले जाते. कम्यूनचा पोलीसप्रमुख राउल रिगो याने त्याला ओळखले म्हणून तो वाचला. काही वर्षांपूर्वी सरकारच्या पोलिसांपासून लपत फिरणाऱ्या रिगोला रेन्वारने फाँतेनब्लोच्या अरण्यात चित्रकाराचा वेश देऊन आसरा दिला होता.

१८७४ मध्ये छायाचित्रकार नादारच्या जागेत या मित्रमंडळींनी स्वतःचे प्रदर्शन भरविले. टीकाकारांनी खिल्ली उडविण्यासाठी दिलेले नाव पुढे चळवळीचे नाव झाले. मराठीत आपण तिला दृक्‌प्रत्ययवाद म्हणतो. त्या वर्षांची हकिगत अनेकदा सांगून झाली आहे. रेन्वारच्या बाबतीत महत्त्वाचे आहे ते १८७६ चे ‘मुलँ द ला गालेत’. माँमार्त्रच्या टेकडीवरील एका सार्वजनिक नृत्यस्थळाचे हे चित्र सव्वा मीटरहून अधिक उंच आणि पावणेदोन मीटर रुंद आहे. रेन्वारने जवळच्या कोर्तो रस्त्यावर जागा भाड्याने घेतली होती. चित्र जागेवरच काढले गेले आणि मित्र रोज तो मोठा कॅनव्हास उचलून नेत-आणत, असे त्याचा स्नेही झॉर्ज रिव्हिएर याने लिहून ठेवले आहे. वारा सुटला की कॅनव्हास उडून जाईल, अशी धास्ती असे. गर्दी, संगीत, नाचणारी जोडपी आणि पानांतून झिरपून कोटांवर, टोप्यांवर, जमिनीवर सांडलेले उन्हाचे कवडसे. असे चित्र बंद खोलीत सुचले नसते.

तरीही, रेन्वारला केवळ उघड्यावरचा चित्रकार म्हणणे पुरेसे नाही. १८८१ मध्ये तो इटलीला गेला, रोममध्ये राफाएलची भित्तिचित्रे पाहिली आणि आपल्याला ना रेखाटन येते ना रंग, अशा निराशेने त्याला घेरले. उघड्यावर प्रकाश सतत बदलतो, चित्रकार त्याच्या मागे धावतो आणि चित्राची रचना करायला उसंतच मिळत नाही, ही त्याची नंतरची तक्रार होती. काही वर्षे त्याने मऊ फटकारे सोडून घट्ट, रेखीव, काहीशा कोरड्या पद्धतीने चित्रे काढली. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील ‘छत्र्या’ या चित्रात हे भांडण एकाच कॅनव्हासवर पाहायला मिळते. उजवीकडच्या मुली जुन्या हलक्या हाताने काढलेल्या, डावीकडची टोपलीवाली स्त्री नव्या कठोर हाताने. मोने आयुष्यभर प्रकाशाशी एकनिष्ठ राहिला. रेन्वार प्रकाशाशी भांडला, दूर गेला आणि परत आला. परत आला तेव्हा बरोबर रुबेन्स आणि टिशियन यांचे संस्कार होते आणि कुंचला पुन्हा मऊ झाला होता.

या माणसाचे सारेच गोड होते, असेही नाही. फ्रान्सला दुभंगून टाकणाऱ्या द्रेफ्यू प्रकरणात तो ज्यूविरोधी गटाच्या बाजूने होता आणि तशी त्याची वक्तव्ये नोंदली गेली आहेत. लीझ त्रेओ या तरुणपणीच्या प्रेयसीपासून झालेल्या झान या मुलीला त्याने गुपचूप आर्थिक मदत केली, परंतु घरच्यांपासून तिचे अस्तित्व लपवून ठेवले. आनंदाची चित्रे काढणारा माणूस आनंदी आणि उदार असलाच पाहिजे, अशी वाचकांची अपेक्षा असते. ती रेन्वार पुरी करीत नाही.

१८८० च्या आरंभी सायकलवरून पडून त्याचा उजवा हात मोडला, तेव्हा त्याने डाव्या हाताने चित्रे काढून पाहिली. १८९७ मध्ये एस्वा या पत्नीच्या गावी तो पुन्हा सायकलवरून पडला आणि तोच हात पुन्हा मोडला. संधिवाताची सुरुवात त्याआधीच, वयाच्या पन्नाशीच्या सुमारास झाली होती. आता तो वाढू लागला. सांधे सुजत, ताठरत, मग वाकडे होत. गरम झऱ्यांचे उपचार झाले, औषधे झाली. रेन्वारने स्वतःचाही एक उपाय शोधला होता. रोज सकाळी कामाला बसण्यापूर्वी तो लहान चामडी चेंडू हवेत उडवून झेलण्याचा व्यायाम करी. चेंडू हातून पडू लागले तेव्हा एक गुळगुळीत लाकडी दांडका घेऊन तो उडवून झेलू लागला. घरच्यांना हा खेळ वाटे. त्याच्या दृष्टीने ती कामाची पूर्वतयारी होती. बोटांनी कुंचला ओळखावा, यासाठीची.

थंडीमुळे सांधे अधिक दुखत, म्हणून कुटुंब फ्रान्सच्या दक्षिणेकडे जाऊन राहू लागले. १९०७ मध्ये भूमध्यसागराजवळच्या कान्य गावाबाहेर ‘ले कोलेत’ नावाची जमीन विक्रीला निघाली. तिच्यावर शतकानुशतके जुनी ऑलिव्हची झाडे होती आणि ती तोडली जाणार होती. झाडे वाचावीत म्हणून रेन्वारने जमीन घेतली. पत्नी आलिन हिने तेथे घर बांधून घेतले, संत्र्यांची आणि भाज्यांची लागवड केली. रेन्वारसाठी बागेत काचेच्या भिंतींची एक छोटी कार्यशाळा उभारण्यात आली. पडदे सरकवून हवा तेवढा प्रकाश आत घेता येई. बाहेर ऑलिव्हची पाने, गवत, मागे समुद्राकडे उतरत जाणारी टेकडी. उघड्यावर बसण्याची ओढ आणि रचनेसाठी हवी असलेली स्थिरता या दोहोंची ती तडजोड होती. मित्र पॉल सेझान १९०६ मध्ये उघड्यावर चित्र काढताना वादळी पावसात सापडला होता आणि आठवडाभरात वारला होता. पाय साथ देत असते तरी रेन्वारला तसे वाऱ्यापावसात फिरणे आता शक्य नव्हते.

१९१२ नंतर त्याने चालणे कायमचे सोडले. त्या संदर्भातील प्रसंग त्याचा मुलगा ज्याँ याने वडिलांवर लिहिलेल्या आणि १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात सांगितला आहे. एका नामवंत डॉक्टरने रेन्वारला पुन्हा चालते करण्याचा विडा उचलला. आहार बदलला, व्यायाम दिला. एके दिवशी डॉक्टरने त्याला खुर्चीतून उभे केले आणि दोन वर्षांत प्रथमच रेन्वार पावले टाकीत इझलभोवती फिरला. मग परत खुर्चीत बसला आणि त्याने डॉक्टरला सांगून टाकले की, हे चालणे आता पुरे. चालण्यात सारी इच्छाशक्ती खर्च होते, चित्रासाठी काही उरत नाही. चालणे आणि रंगविणे यांतून एक निवडायचे तर आपण रंगविणे निवडू. त्यानंतर तो कधी उभा राहिला नाही.

दिवस ठरलेला असे. सकाळी पट्ट्या बदलल्या जात. हवा चांगली असली की दोन माणसे त्याला खुर्चीसकट उचलून बागेत नेत. रंगफलक मांडीवर किंवा खुर्चीच्या हातांवर टेकवला जाई. घरात मुलाच्या संगोपनासाठी आलेली आणि पुढे अनेक चित्रांसाठी बसलेली गाब्रिएल रनार किंवा दुसरे कोणी रंगफलकावर रंग काढून देई. हात फार लांब जात नसे, म्हणून मोठा कॅनव्हास रुळांवर ताणून बसविण्याची युक्ती काढण्यात आली होती. दांडा फिरवला की कॅनव्हास वर किंवा खाली सरके आणि हवा तो भाग हाताच्या टप्प्यात येई.

आणि कुंचला. या वर्षांत तो मार्टेन या छोट्या प्राण्याच्या केसांचे मऊ, गोल कुंचले पसंत करी. एकदा एक कुंचला बोटांच्या बेचक्यात बसला की बैठक संपेपर्यंत तो बदलायला तो तयार नसे. बदलायचा म्हणजे आखडलेली बोटे कोणीतरी हलक्या हाताने उलगडायची, एक काढायचा, दुसरा बसवायचा, पकड पुन्हा जमवायची. त्यात वेदना होती आणि वेळही जाई. म्हणून तोच कुंचला टर्पेंटाइनमध्ये बुडवायचा, पुसायचा आणि पुढच्या रंगाला लावायचा. निरोगी चित्रकार एका हातात आठ-दहा कुंचले धरतो. निळ्यासाठी एक, लालसाठी दुसरा. रेन्वारसाठी सारे रंग एकाच टोकातून उतरत. पातळ झालेला रंग एकमेकांत मिसळे, त्वचेचा गुलाबी झाडांच्या हिरव्यात आणि हिरवा पुन्हा त्वचेत डोकावे. त्याच्या शेवटच्या चित्रांत सर्व वस्तू एकाच उबदार द्रवातून वर आल्यासारख्या दिसतात. त्यामागे टिशियनचा अभ्यास आहे, वयाची परिपक्वता आहे, तशीच ही एका कुंचल्याची अडचणही असावी.

याच काळातील एक तपशील या संदर्भात फार बोलका आहे. १९१३ मध्ये चित्रविक्रेता व्होलार याच्या सूचनेवरून रेन्वारने शिल्पे करायला घेतली. माती मळणे त्याच्या हातांना अशक्य होते. म्हणून रिशार ग्वीनो नावाचा तरुण शिल्पकार नेमण्यात आला. रेन्वार खुर्चीत बसून काठीने दाखवी, इथे भर, तिथे कमी, आणि ग्वीनोचे हात ते करीत. ती शिल्पे रेन्वारच्या नावाने प्रसिद्ध झाली. पुढे ग्वीनोने न्यायालयात दाद मागितली आणि १९७३ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला सहकर्ता म्हणून मान्यता दिली. म्हणजे दुसऱ्याच्या हातांनी काम करून घेणे रेन्वारला वर्ज्य नव्हते. चित्राच्या बाबतीतही हे सहज करता आले असते. जुन्या गुरूंच्या कार्यशाळांत शिष्यच अर्धेअधिक चित्र रंगवीत. परंतु कुंचला त्याने दुसऱ्याच्या हाती दिला नाही.

महायुद्धाने घरात दुःख आणले. पिएर आणि ज्याँ ही दोन्ही मोठी मुले जखमी झाली. ज्याँच्या मांडीत गोळी शिरली आणि पाय कापावा लागेल, अशी वेळ आली होती. आजारी आलिन प्रवास करून त्याला भेटून आली आणि जून १९१५ मध्ये मधुमेहाने वारली. त्यानंतर ज्याँ लंगडत वडिलांजवळ येऊन राहिला. वेदनांमुळे झोप न येणारा वृद्ध आणि जखमी मुलगा यांच्या त्या काळातील गप्पांतूनच पुढचे पुस्तक आकाराला आले. हा ज्याँ पुढे मोठा चित्रपट दिग्दर्शक झाला. ‘द रिव्हर’ या चित्रपटाच्या निमित्ताने तो बंगालमध्ये आला तेव्हा चित्रणाच्या जागा शोधण्यासाठी तरुण सत्यजित राय त्याच्याबरोबर हिंडले होते. नदीकाठी वडिलांनी केले ते काम मुलाने दुसऱ्या खंडात, दुसऱ्या साधनाने केले.

१९१७ च्या अखेरीस आँरी मातीस रेन्वारला भेटायला येऊ लागला. एवढ्या यातना सोसून चित्रे कशाला काढता, या त्याच्या प्रश्नाला वृद्धाने दिलेले उत्तर आज भिंतीवरच्या सुविचारांत छापलेले असते. ते उत्तर त्याने दिलेही असेल. मात्र त्या दिवसांत तो जे करीत होता, ते सुविचारापेक्षा बरेच खडबडीत होते. १९१८-१९ मध्ये त्याने ‘स्नान करणाऱ्या स्त्रिया’ हे एक मीटरहून उंच आणि दीड मीटरहून रुंद चित्र बागेतील प्रकाशात पुरे केले. त्याच्या मुलांनी ते १९२३ मध्ये फ्रान्सच्या सरकारला भेट दिले आणि आता ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. या काळातील चित्रांबद्दल एकमत कधीच झाले नाही. त्यांतल्या भरदार, लालसर स्त्रिया अनेकांना सहन होत नाहीत. २०१५ मध्ये बोस्टनच्या संग्रहालयासमोर काही जणांनी रेन्वारची चित्रे भिंतीवरून काढा, म्हणून निदर्शनेही केली. दुसरीकडे डॉ. आल्बर्ट बार्न्स या अमेरिकन संग्राहकाने एकट्याने जमविलेली रेन्वारची १८१ चित्रे फिलाडेल्फियात आहेत आणि त्यांत उतारवयातील चित्रे मोठ्या संख्येने आहेत. प्रामाणिकपणे पाहिले तर त्याच्या अखेरच्या चित्रांत सामान्य कामही पुष्कळ सापडते. रोज काढणाऱ्याचे तसे होतेच.

१९१९ च्या उन्हाळ्यात त्याला लूव्रमध्ये नेण्यात आले. खुर्चीत बसवून त्याला दालनांतून फिरविले गेले. साठ वर्षांपूर्वी परवानगीचा कागद घेऊन ज्या चित्रांपुढे तो प्रतिकृती करीत बसत असे, त्यांच्यासमोर त्याची खुर्ची थांबवली जात होती.

त्या वर्षाच्या हिवाळ्यात कान्य येथे त्याला फुप्फुसाचा विकार झाला. ज्याँने लिहून ठेवल्याप्रमाणे शेवटच्या दिवशीही त्याने रंगांची पेटी आणि कुंचले मागवले. घरातील मोलकरणीने त्याच्यासाठी अ‍ॅनिमोनची फुले तोडून आणली होती. काही तास तो त्यांचे चित्र काढीत राहिला आणि तेवढ्यापुरते दुखणे विसरला. मग बोटांतला कुंचला काढून घ्यावा, अशी त्याने खूण केली. या विद्येतले काहीतरी आपल्याला आता कुठे कळू लागले आहे, अशा अर्थाचे तो पुटपुटला. रात्री प्रकृती खालावली आणि ३ डिसेंबर १९१९ च्या पहाटे त्याचे निधन झाले. एस्वाच्या दफनभूमीत त्याला पुढे आलिनजवळ चिरविश्रांती देण्यात आली.

ले कोलेतचे घर आणि बाग कान्यच्या नगरपालिकेने १९६० मध्ये विकत घेतली. तिथे आता संग्रहालय आहे. वरच्या मजल्यावरील कार्यशाळेत इझल आणि त्याची चाकांची खुर्ची ठेवली आहे. बाहेर ऑलिव्हची ती झाडे उभी आहेत.